तळ्याला पूर्ण चक्कर का मारता येत नाही? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

शहरातल्या तळ्यांकाठी आणि पाणथळ जागांवर चालायला जाणाऱ्या वाचकांकडून मागच्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली, मेल त्याहून जास्त आले, आणि गंमत म्हणजे पुण्याचे, मुंबईचे, ठाण्याचे प्रश्न वेगवेगळे वाटले तरी फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येतात, ती म्हणजे तळ्याचा काठ. त्यातले काही प्रश्न इथे घेतोय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

"मी रोज सकाळी पाषाण तलावावर जाते. बंधाऱ्याच्या बाजूने चालता येतं पण पुढे वाट संपते, परत फिरावं लागतं. कोल्हापूरला माहेरी रंकाळ्याला मस्त पूर्ण चक्कर मारता येते. मग पाषाणला गोल ट्रॅक का करत नाहीत? एवढी जागा आहे!" (बाणेर, पुणे)

ताई, हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय म्हणून याचं उत्तर जरा ऐसपैस देते.

पाषाण तलाव नैसर्गिक नाही, रामनदीला बांध घालून केलेला आहे. असा तलाव कुठलाही घ्या, त्याला दोन तोंडं असतात. बांधाकडचं पाणी खोल, आणि नदी जिथून आत येते तिकडचं उथळ, कारण नदीने आणलेला गाळ तिथेच बसतो. तुम्ही चालता ती बांधाची बाजू, ती पक्कीच आहे, तिथे माणसांनी खुशाल चालावं. पण वाट संपते म्हणता ना, त्याच्या पुढे चिखल, पाणकणीस, लव्हाळा, गुडघाभर पाणी असा जो प्रकार सुरू होतो, तो बघायला ओबडधोबड दिसत असला तरी तळ्याचा सगळा संसार तिथे चालतो.

उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून तळाशी वनस्पती वाढतात, वनस्पतींवर गोगलगायी आणि किड्यांच्या अळ्या, आणि त्यांच्यावर बाकी सगळे. पक्ष्यांनी तर पाण्याची खोली आपसात वाटूनच घेतलेली असते. अगदी चिखलाच्या कडेला शेपटी खालीवर करत तुतारी फिरते, टिटवी फिरते. चार बोटं पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. वीतभर पाण्यात वंचक गळ टाकल्यासारखा तासन्‌तास उभा. त्याच्या पुढे थापट्या बदक, त्याची चोच पुढे फावड्यासारखी रुंद असते आणि चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, त्यातून तो पाणी गाळत गाळत जातो. हळदी-कुंकू बदक डोकं खाली शेपूट वर करून मानेला पोचेल तेवढ्याच खोलीवरचं खातं. आणि मधल्या खोल पाण्यात बुडी मारणारे पाणकावळे आणि टिबुकल्या. म्हणजे खोल पाण्यावर जगणारे थोडे आणि काठाच्या उथळ पट्टीवर जगणारे खूप.

आता तिथे गोल ट्रॅक करायचा म्हणजे काय करावं लागतं? चिखलावर ट्रॅक बसत नाही, म्हणून आधी भराव टाकायचा, भराव वाहून जाऊ नये म्हणून दगडी भिंत बांधायची, भिंतीवर पेव्हर ब्लॉक, मग रेलिंग, मग दिवे. भिंत आली की पाणी एकदम भिंतीलाच लागतं, उथळ पट्टी संपते. पाणी तेवढंच दिसतं, फोटोत तर आधीपेक्षा छान दिसतं, पण शेकाट्याने उभं राहायचं कुठे?

रंकाळ्याचं म्हणाल तर ते प्रकरण वेगळं आहे. तिथे संध्यामठ आहे, नंदीचं देऊळ आहे, शालिनी पॅलेस आहे, माणसाचा आणि त्या पाण्याचा शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि कोल्हापूरकरांनी तिथे चक्कर मारावी, चौपाटीवर भेळ खावी, त्यांचा हक्कच आहे. पण प्रत्येक तळ्याचा रंकाळा करायला गेलो तर पक्ष्यांना शहरात जागाच उरणार नाही. पाषाणला निम्मी फेरी करून परत फिरायचं, त्यात काही बिघडत नाही. उलट येताना ऊन दुसऱ्या बाजूने असतं, जाताना नुसत्या काळ्या सावल्या दिसलेले पक्षी परतताना रंगासकट दिसतात. एकदा बघाच.

"डॉक्टरांनी रोज पाऊण तास ब्रिस्क वॉक सांगितलाय. तळ्याकाठी चालतो पण बायको सारखी पक्षी बघायला थांबते. काय करावं?" (कोथरूड, पुणे)

दोन वेगळी कामं आहेत ही, ती वेगळीच करा. दम लागेल असं चालायचं तर टेकडी गाठा, तुम्हाला वेताळ टेकडी जवळ आहे, चढ आहे, पायाखाली माती-मुरूम आहे आणि गुडघ्यांना काँक्रीटपेक्षा ते बरं. तळ्यावर आठवड्यातून एकदा जा आणि तिथे बायकोच्या वेगाने चाला. तळ्याकाठी तरातरा जाणाऱ्या माणसाला पक्षी दिसत नाहीत ही एक गोष्ट आणि त्याच्या धपाधप पावलांनी ते उडतात ही दुसरी. हिवाळ्यात लांबून आलेलं बदक प्रत्येक वेळी उडतं तेव्हा खाऊन साठवलेली ताकद खर्च करतं, आणि दिवसभरात शंभर माणसं गेली तर त्याने खायचं कधी?

"पवई लेकभोवती सायकल आणि जॉगिंग ट्रॅक होणार होता, कोर्टाने थांबवला. आमच्यासारख्यांनी व्यायामाला जायचं कुठे? मगरींसाठी माणसांना बाहेर काढायचं हे काही पटत नाही." (चांदिवली, मुंबई)

तुमचा राग समजतो. मुंबईत मोकळी जागा इतकी कमी आहे की जिथे चार झाडं आणि पाणी दिसेल तिथे माणूस धावणारच. पण झालं काय होतं ते नीट बघूया.

पवई तलाव १८९१ चा, मिठी नदीच्या उगमाकडच्या ओढ्यांवर बांध घालून पिण्याच्या पाण्यासाठी केलेला, आणि पुढे ते पाणी पिण्यालायक राहिलं नाही. साधारण दहा किलोमीटरचा ट्रॅक तळ्याच्या कडेकडेने करायचा बेत होता आणि त्यासाठी काठावर काम सुरू झालं होतं. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं, थांबवायला सांगितलं आणि केलेलं काढून जागा पूर्वीसारखी करायला सांगितली. यामागे पाणथळ जागांचे नियम आहेत. त्यातलं एक कलम सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे, नियम लागू झाले त्याआधीच्या दहा वर्षांत पुराचं पाणी सरासरी जिथपर्यंत चढलं त्या रेषेपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम करायचं नाही, बोटीचा धक्का तेवढा अपवाद. ५० मीटर म्हणजे किती हो, तुमच्या सोसायटीच्या गेटपासून पार्किंगच्या टोकापर्यंत असेल. तेवढी पट्टी मोकळी ठेवा एवढंच म्हणणं आहे.

आणि मगरींचं. पवईच्या मगरी नुसत्या पाण्यात राहत नाहीत. मगर ऊन खायला काठावर येते आणि अंडी घालते ती पाण्याबाहेर, काठाच्या मातीत खड्डा करून. काठावर भराव आणि काँक्रीट घातलं तर तिला घर राहत नाही, आणि घर नसलेली मगर कुठेतरी बाहेर निघतेच, मग त्याची भीती तुम्हालाच. माणसांना बाहेर काढलेलं नाहीये, काठापासून थोडं मागे सरकायला सांगितलंय. खरी मागणी करायची तर ५० मीटरच्या बाहेर जे रस्ते आहेत त्यांना धड सलग फूटपाथ द्या अशी करा. ती मागणी कुणी केली तर आम्ही या पानावर जरूर छापू.

"माझा नातू साडेचार वर्षांचा आहे. त्याला तळ्यावर बदकांना ब्रेड घालायला फार आवडतं. कुणीतरी बाई आमच्यावर ओरडल्या. एवढं काय त्यात?" (डोंबिवली)

ओरडायला नको होतं, लहान मुलासमोर तर नाहीच. पण त्या बाईंचं म्हणणं बरोबर होतं.

ब्रेडने बदकाचं पोट भरतं आणि पोषण काही होत नाही. उरलेला ब्रेड पाण्यात कुजतो, त्याने शेवाळ वाढतं, काठावर पडलेल्याला उंदीर येतात. हेच खाडीवर सीगलना शेव-गाठी टाकणाऱ्यांचं, म्हणजे कुरव पक्षी. बोटीतून मूठमूठ गाठी उधळतात, व्हिडिओ छान येतो, आणि हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी तळलेलं मीठ-मसाल्याचं बेसन खातो. त्याला परत जायचंय तेवढंच अंतर.

नातवाला दुसरं काम द्या. साडेचार वर्षांच्या मुलाला पक्ष्यांची मराठी नावं फार आवडतात, कारण ती बघून ठेवलेली नावं आहेत. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोचीच्या मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके, त्याला शोधायला सांगा. काळ्या अंगावर पांढऱ्या कपाळाचा वारकरी शोधायला सांगा. टिबुकली बुडाली की ती कुठून वर येणार यावर पैज लावा, आजोबा हमखास हरतील. ब्रेडची आठवणही येणार नाही.

"फ्लेमिंगो बघायला दोनदा सीवूड्सला जाऊन आलो, दोन्ही वेळा तळं रिकामं. लोक तर फोटो टाकतात. आम्हीच कमनशिबी का?" (कल्याण)

नशिबाचा काही संबंध नाही, तुम्ही भरतीचं गणित न बघता गेलात.

फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, ठाणे खाडीच्या चिखलात खातात. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा ते खाडीत लांब पसरलेले असतात. भरतीचं पाणी चढलं की चिखल झाकला जातो, उभं राहायला जागा राहत नाही, मग ते थव्याथव्याने उठून नेरुळ-सीवूड्सच्या आतल्या पाणथळ जागांवर येऊन बसतात, डीपीएस तलाव, एनआरआय कॉम्प्लेक्समागची पाणथळ, टी. एस. चाणक्यची बाजू. भरती उतरली की परत खाडीत. म्हणजे सीवूड्सला जायचं तर भरतीला.

भरती काढायची जुनी युक्ती कोळीवाड्यात आजही कुणीही सांगेल, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा. शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच. आता सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान भरती हवी असेल तर एकादशी ते त्रयोदशी निवडा. एकादशीला सव्वाआठ येतात, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. अष्टमीच्या आसपास जाऊ नका, वेळ सकाळी सहाची छान वाटते पण ती भांगाची भरती, पाणी फारसं चढत नाही, चिखल उघडाच राहतो आणि पक्षी खाडीतच थांबतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं पण ते येतं भर दुपारी बाराच्या सुमारास, डोळे दिपतात. हा ढोबळ हिशेब आहे, निघण्याआधी मोबाइलवर भरतीची नेमकी वेळ बघून घ्या आणि तिच्या तास-दीड तास आधी जाऊन उभे राहा, म्हणजे थवे उतरताना दिसतील. मोसम साधारण नोव्हेंबर ते मे.

एक सांगायचंय. ठाणे खाडीतल्या अभयारण्याची घोषणा २०१५ ची आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीतही, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेली, पण पक्ष्यांना कागदावरची हद्द कळत नाही. त्यांना खाडी जेवायला लागते आणि ही आतली तळी बसायला लागतात, दोन्ही मिळून त्यांचं एक घर. आतल्या तळ्यांना भरतीचं पाणी आणणारे नाले आणि पाइप तुंबले तर तळं वाळतं नाहीतर डबकं होतं, मग अभयारण्य कितीही चांगलं राखा. म्हणून तिथे चालताना नुसतं वर आकाशात न बघता पाणी कुठून आत येतंय तेही बघत जा.

"पावसाळ्यात तळ्याकाठी जावं का? सापांची फार भीती वाटते. मागच्या वर्षी एक जाडजूड साप पोहताना दिसला आणि तेव्हापासून बंदच केलं." (औंध, पुणे)

पोहत होता म्हणजे बहुतेक दिवड. पाण्यातलाच साप, बेडूक-मासे खातो, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडे असतात, डिवचला तर चावतो पण विषारी नाही. भीती बाळगायची ती घोणसाची, आणि तो पाण्यात नाही, वाळलेल्या पाचोळ्यात पडून असतो आणि जवळ गेलं की कुकरच्या शिट्टीसारखा फुस्स आवाज करतो. त्यामुळे पायवाट सोडायची नाही, गवतात पाय घालायचा नाही, पायात बूट आणि अंधार पडायच्या आत बाहेर. एवढं पाळलं तर पुरे. चुकून कुणाला चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही, त्या माणसाला चालवायचंही नाही, १०८ ला फोन आणि सरळ मोठं सरकारी रुग्णालय. पावसाळ्यात दुसरी काळजी पायाच्या जखमांची, खरचटलेल्या पायाने साचलेल्या पाण्यातून गेलं तर लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका असतो.

पण पावसाळा सोडू नका हो. लोकांना वाटतं पक्षी हिवाळ्यातच, कारण बाहेरगावचे बदक तेव्हा येतात. घरचे पक्षी पिल्लं काढतात ती पावसाळ्यात. मागच्या ऑगस्टमध्ये काठापासून बऱ्याच लांबून दुर्बिणीतून कमळपक्षी बघत होते, कांस्यपंखी. पानांवरून एक एक पाऊल टाकत चालला होता, त्याच्या पायाची बोटं इतकी लांब असतात की वजन पसरतं आणि पान बुडत नाही. आणि बघते तर त्याच्या पंखाखालून जास्तीचे पाय लोंबताहेत! बारीक काड्यांसारखे, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. तो बाप होता आणि दोन पिल्लं पंखाखाली धरून चालला होता. कमळपक्ष्यांत अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे असतं, मादी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे जाते. थोड्या वेळाने घार वरून निघून गेली असावी, त्याने पंख जरा सैल केले आणि दोन्ही पिल्लं पानावर उतरून टुकुटुकु खायला लागली. तरंगत्या पानांवर एवढं सगळं चाललेलं असतं, आणि एक कुत्रा पाण्यात सोडला किंवा फोटोसाठी कुणी दहा पावलं पुढे गेलं की ते सगळं विस्कटतं. कुत्र्याला फिरवायला आणत असाल तर पट्टा सोडू नका, जून ते सप्टेंबरमध्ये तर आणूच नका.

"तळ्यावर गेलं की वास येतो. मग जलपर्णी काढायला मशीन येतं, दोन महिने बरं असतं, परत तेच. हा पैसा पाण्यात नाही का चाललाय?" (सूसगाव, पुणे)

वासाचे दोन प्रकार आहेत. चिखलाला थोडा सडक्या अंड्यासारखा वास असतोच, तळाच्या गाळात प्राणवायू नसला की तसा वायू तयार होतो, निरोगी पाणथळ जागेतही तो कुठे कुठे येतो. पण गटाराचा वास आणि पाण्यावर साबणाचा फेस हे सांडपाणी. आणि जलपर्णी त्या सांडपाण्यावरच पोसते. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद हे तिचं खत, आणि मनासारखं खत-ऊन मिळालं तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिने पाणी झाकलं की खाली ऊन नाही, प्राणवायू नाही, मासे मरतात, डासांना मात्र रान मोकळं.

मशीनने काढायला पाहिजेच, पण वरून नाल्याचं पाणी तसंच येत राहिलं तर ती परत येणार, बिया तर गाळात कित्येक वर्षं टिकतात. आणखी एक, काढलेली जलपर्णी तिथेच काठावर ढीग घालून ठेवली तर ती कुजून सगळं खत पावसाबरोबर परत तळ्यात. हे ढीग तुम्ही बघितले असतील, दिसले तर त्याचे फोटो काढून ठेवा. आणि एकदा उलटं चालत जा, तळ्याकडून वर, रामनदीच्या बाजूने जमेल तितकं भूगाव-बावधनकडे. नदीत कुठे काय येऊन मिळतंय ते आपल्या डोळ्यांनी दिसेल. त्या चालण्यात निसर्गसौंदर्य नाही, पण तळ्याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

"मी लंडनला असते. आमच्याकडे बार्न्सचं वेटलँड सेंटर आहे, शहराच्या मध्ये, इतकं सुंदर की आईबाबा आले की तिथेच नेते. पुण्यात हे का होऊ शकत नाही असा प्रश्न दर वेळी पडतो आणि वाईट वाटतं." (लंडन)

होऊ शकतं, आणि तुम्ही जे बघताय ते मुळात जंगल नव्हतं हेच त्याचं उत्तर आहे. ते चार जुने काँक्रीटचे जलसाठे होते, व्हिक्टोरियन काळातले, पाणीपुरवठ्याची नवीन सोय झाल्यावर निरुपयोगी झालेले. काही जागेवर घरं झाली, त्यातून पैसा उभा राहिला, उरलेल्या शंभरेक एकरांत काँक्रीट फोडून तळी, बेटं, दलदल केली आणि २००० साली ते उघडलं. म्हणजे तिकडे काँक्रीटचा काठ तोडून चिखलाचा केला. आपल्याकडे चिखलाचा काठ आहेच, तो फक्त तोडायचा नाही. आपलं काम सोपं आहे.

पुढच्या वेळी आईबाबांबरोबर जाल तेव्हा एक बघा. तिथली वाट पाण्याच्या कडेने गोल जात नाही. ती झाडीच्या, बोरूच्या मागून जाते आणि मधे मधे लाकडी खोली येते, तिच्या फटीतून पक्षी बघायचे. माणूस आत, पक्षी बाहेर. पाणी सतत दिसत नाही, मधूनच दिसतं, आणि म्हणूनच पक्षी जवळ येतात. आपल्या इथल्या तळ्यावर रेलिंग, कारंजं आणि सेल्फी पॉइंट यांच्याऐवजी अशा दोन साध्या खोल्या झाल्या तर खर्चही कमी येईल. तुमच्याकडे तिथले फोटो असतील, त्या वाटा आणि त्या खोल्यांचे, पक्ष्यांचे नव्हे, तर आम्हाला पाठवा. इथे कुणाला दाखवायला उपयोगी पडतील.

"तुम्ही नेहमी कच्ची पायवाट चांगली म्हणता. माझी आई व्हीलचेअरवर आहे. तिने तळं बघायचंच नाही का?" (ठाणे)

हा प्रश्न वाचून मी बराच वेळ विचार करत होते, कारण तुमचं म्हणणं खरं आहे आणि कच्च्या वाटेची बाजू घेणारे आम्ही सगळे याचा विचार कमी करतो.

तुम्ही ठाण्यात आहात, तलावांचंच गाव. मासुंद्याला, आपल्या तलावपाळीला, सगळीकडून पक्का पदपथ आहे, सकाळी लवकर गर्दी नसताना आईंना न्या. उपवनलाही नेता येईल. ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून खाडीत बोटीची फेरी असते, मात्र व्हीलचेअर बोटीपर्यंत कशी जाते ते आधी फोन करून विचारा, तिथे जाऊन परत फिरायची वेळ येऊ नये.

आणि तत्त्वाचं म्हणाल तर माझं मत असं आहे, प्रत्येक तळ्याला एक बाजू पक्की असावी. बांध असतोच, तो पक्काच असतो, त्यावर पायऱ्या न ठेवता उतार करावा, वाट सपाट असावी, दर थोड्या अंतरावर बाक असावेत आणि शेवटी पक्षी बघायची एक आडोशाची जागा, तिची एक खिडकी बसलेल्या माणसाच्या उंचीवर. ती खिडकी लहान मुलांनाही लागते. एवढं एका बाजूला नीट केलं तर बाकीच्या तीन बाजूंना हात लावायची गरज नाही. सगळीकडे थोडं थोडं काँक्रीट ओतून कुठेच धड व्हीलचेअर जात नाही, आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हेच झालंय, पेव्हर ब्लॉक आहेत पण गेटला फिरकी दांडा, आत शिरताना तीन पायऱ्या. तुमच्या आईंना घेऊन तुम्ही जिथे जाल तिथे काय अडलं ते लिहून पाठवाल का? पुढच्या अंकात त्यावर वेगळं पान करायची इच्छा आहे.

"फोटोग्राफर लोक मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावतात, मग पक्षी येतो. हे चालतं का?" (नागपूर)

नाही. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, तो खाणंपिणं, पिल्लं सोडून भांडायला येतो. विणीच्या दिवसांत तर मुळीच लावू नये. तुमच्याकडे अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात गवताळ माळ आहे, तिथे जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, त्यामुळे वाटेवरून खाली उतरू नका असं त्या मंडळींना सांगा. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्लींची जयंती आणि १२ ला सालिम अलींची. त्या आठवड्यात अशा ठिकाणी गटाने फिरणं होतं, नवख्यांना तिथे जाणकारांकडून हे सगळं सहज शिकता येतं.

"आमच्याकडे पाणथळ जागेत रात्री डंपर येऊन राडारोडा टाकतात. तक्रार कुठे आणि कशी करायची? एकट्याने करायची भीती वाटते." (उलवे, नवी मुंबई)

एकट्याने करू नका आणि रात्री डंपर अडवायला तर मुळीच जाऊ नका. दिवसा जा. एकाच जागेवरून, एकाच दिशेने, दर आठवड्याला फोटो काढा, मोबाइलमध्ये तारीख आणि लोकेशन सुरू ठेवून. भराव किती पुढे सरकला ते अशा फोटोंच्या ओळीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं एका फोटोत दिसत नाही. पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत होतं त्याचे जुने फोटो सोसायटीत कुणाकडे तरी असतातच, लग्नाचे, गणपती विसर्जनाचे, मागे पाणी दिसतं असे, ते गोळा करा. ५० मीटरचा नियम वर सांगितलाय, त्याला पुरावा लागतो तो नेमका हाच.

मग सोसायटीच्या लेटरहेडवर दहा-बारा सह्यांनी लेखी अर्ज, तारीख-शिक्क्यासह पोच घ्यायची. तुम्ही कोकण विभागात येता, तिथे पाणथळ जागांच्या तक्रारींसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली तक्रार निवारण समिती आहे, विभागीय आयुक्तांच्या अखत्यारीत. अर्ज त्यांना, प्रत तहसीलदारांना, आणि जागेत तिवरं असतील तर वन विभागाच्या कांदळवन कक्षालाही. महिनाभरात उत्तर आलं नाही तर त्याच अर्जाच्या पोचेवर माहितीचा अधिकार टाका, काय कारवाई केली एवढंच विचारा. अर्जाचा मसुदा करायला अडलं तर कच्चा लिहून आमच्याकडे पाठवा, आम्ही बघून देऊ.